पुढं पूल हाय

डिंगोऱ्याच्या गोकुळ उकिर्डेला राग यायला कारण लागत नाही, असं त्याची बायको मंगल चारचौघांत सांगते. गोकुळचं म्हणणं असं, की कारण असतंच, फक्त बाकीच्यांना ते उशिरा दिसतं. नेपाळच्या त्या फेरीनंतर मंगलनंही हे थोडंफार मान्य केलं.

गोकुळ एकोणिसाव्या वर्षी स्टेअरिंगवर बसला. माळशेजच्या धुक्यात भाजीचा टेम्पो मागे घ्यायला शिकला तो जन्माचा शिकला. पुढे नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून त्याने इंदूर केलं, कानपूर केलं, दिल्ली तर किती वेळा केली याची गणतीच नाही. रस्ता एकदा विचारायचा आणि मग डोक्यात ठेवायचा, ही त्याची रीत. ट्रकवरच्या एकतीस वर्षांत अंगावर एक ओरखडा नाही. पाठीच्या मणक्याने कुरकुर सुरू केली तेव्हा त्याने ट्रक सोडला आणि वारूळवाडीच्या सुनीलशेठची सव्वीस सिटांची यात्रेची गाडी धरली. अष्टविनायक, काशी, गंगासागर अशा फेऱ्या दोन वर्षं सुरळीत झाल्या.

मग एक दिवस सुनीलशेठ म्हणाला, "गोकुळभाऊ, दसरा झाला की नेपाळ काढायचं. पशुपतिनाथ, पोखरा, मुक्तिनाथ. अठरा माणसं ठरली पण."

"नकाशा?" गोकुळने विचारलं.

"कसला नकाशा?"

"परमुलूख हाय शेठ. आपल्यातला एकबी ड्रायव्हर तिकडं गेला न्हाई. रस्ता ठाव नको?"

"अहो, कुठल्या जमान्यात हाय तुमी? फोनमधी सगळं जग हाय. बाई बोलते ना आतून, डावीकडं वळा, उजवीकडं वळा."

गोकुळला ती बाई मुळातच पटत नव्हती. ओतूरच्या अलीकडे तिने एकदा त्याला कुणाच्यातरी कांद्याच्या चाळीत नेऊन उभं केलं होतं. त्याने आपल्या पायाने नकाशा शोधायचं ठरवलं. जुन्नरला वह्या-पुस्तकांच्या दुकानात शाळेचा भारताचा नकाशा मिळाला. त्यात नेपाळच्या जागी नुसता पिवळा पट्टा आणि काठमांडूचा एक ठिपका. नारायणगावच्या स्टँडवर रस्त्यांचं पुस्तक होतं. त्यातले सगळे रस्ते सोनौलीला, म्हणजे हद्दीवर, पटकन तुटत होते, जसं काही पलीकडे माणसं चालतच नाहीत. एका सुट्टीला तो पुण्याला गेला, अप्पा बळवंत चौकात पाच-सात दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने शेवटी माळ्यावरून एक घडीचा इंग्रजी नकाशा काढला. डोंगर चढणाऱ्या गोऱ्यांसाठी केलेला. पायवाटा ठळक लाल, गाडीरस्ते केसासारखे बारीक, आणि कोपऱ्यात छापल्याचं साल पाहिलं तर नऊ वर्षांपूर्वीचं.

"नऊ वर्षांत डोंगरातला रस्ता ऱ्हातो का जाग्यावर?" गोकुळने विचारलं.

"काका, घ्यायचा असला तर घ्या," दुकानदार म्हणाला.

गोकुळने घेतला नाही. मंचरचा एक ड्रायव्हर नेपाळला जाऊन आल्याचं कुणीतरी सांगितलं, तर गोकुळ त्याच्या घरापर्यंत गेला. तो गडी हसत म्हणाला, "म्या कुठं रस्ता बघितला राव? पुढच्या गाडीच्या मागं मागं गेलो, मागं मागं आलो."

तिथून परत येताना गोकुळ मोटारसायकलवर एकटाच बडबडत होता. अठरा माणसांचा जीव गाडीत घालायचा, आणि कुठल्या रस्त्याने न्यायचा हे कुणी सांगू शकत नाही. कुणाला त्याचं काही वाटतही नाही!

दसऱ्यानंतर गाडी निघाली. गाडीत जुन्नर-आंबेगावची अठरा माणसं आणि स्वयंपाकाला रखमाजी आचारी. ड्रायव्हरच्या मागच्याच सिटावर आणे गावच्या चिमाबाई बसल्या होत्या. वय बहात्तर, अंगाने काटकुळ्या, तोंडाने खणखणीत. आण्याच्या पठारावर पाण्यासाठी जन्मभर पायपीट केलेली बाई. मुक्तिनाथाच्या एकशे आठ धारांखाली उभं राहायचं एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. "जन्मभर हंडाभर पाण्यासाठी भांडले," त्या म्हणायच्या, "आता एकदा फुकटचं पाणी डोक्यावरून जाऊ दे."

सोनौलीला गाडीचे कागद करून गोकुळने तिकडचं सिमकार्ड घेतलं. काठमांडूपर्यंत इतर यात्रेच्या गाड्या पुढेमागे होत्या, म्हणून निभावलं. पशुपतिनाथ झालं. चौथ्या दिवशी पहाटे पाचला गाडी पोखऱ्याच्या वाटेला लागली. त्या दिवशी मात्र पुढेमागे आपलं कुणी नव्हतं.

मुगलिंग गाव मागे पडल्यावर रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. डोंगर फोडत होते, म्हणून दहा ते दोन रस्ता बंद ठेवत. हे त्याला मुगलिंगच्या चहावाल्याने सांगितलं होतं. गोकुळने गाडी रेटली आणि बरोबर दहाला पाच कमी असताना रस्ता अडवणाऱ्या आडव्या बांबूपाशी पोचला. बांबू खाली उतरवलेला. त्याने हातातलं घड्याळ पोलिसापुढे धरलं. पोलिसाने आपलं दाखवलं. त्यात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. नेपाळचं घड्याळ आपल्या पुढे पंधरा मिनिटं धावतं, हे गोकुळला त्या क्षणापर्यंत एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. त्याचं घड्याळ घरचं, हाताने लावलेलं.

"पंधरा मिंटासाठी चार तास!" तो बोनेटवर हात आपटून ओरडला. पण थांबायला तो तयार होता. रखमाजीने स्टो काढायला घेतला. पाच-सात माणसं खाली उतरली, झाडाखाली बसली; चिमाबाई आणि बाकीची सिटावरच होती. अशात सुनीलशेठचा फोन आला.

शेठचा आवाज मोठा, आणि गोकुळने ड्रायव्हरच्या सिटावर बसूनच फोन स्पीकरवर टाकलेला. "चार तास? गोकुळभाऊ, पोखऱ्याचा हॉटेलवाला जेवण तयार ठिवून बसलाय. दुपारी तळ्यावर होडीचं बुकिंग हाय. माणसं माझ्या नावानं शंख करतील."

"रस्ता बंद हाय शेठ. बंद म्हंजे बंद."

"दुसरा हाय ना! मी हितं फोनवर बघतोय. मागं दोन किलोमीटरवर उजवीकडं फाटा, डोंगरातून जातो आन् पुढं मोठ्या रस्त्याला लागतो. दीड तास दाखवतोय. तुमाला पाठवतो. वळवा गाडी."

"कुणाला तरी इचारतो आदी."

"इचारता काय? समोर दिसतंय ते खोटं का? वळवा म्हणतो ना मी!"

पाठोपाठ मेसेज आला. नकाशावर निळी रेघ, वर दीड तास लिहिलेलं, आणि खाली शेठचे शब्द: 'ह्याच रस्त्याने घ्या.' गोकुळने बांबूच्या पोलिसाला विचारायचा प्रयत्न केला, पण तो आता दुसऱ्या एका बसवाल्याशी हुज्जत घालत होता. माणसंही चुळबुळ करत होती. गोकुळने खाली उतरलेल्यांना आत घेतलं आणि गाडी वळवली.

फाट्याच्या तोंडाशी एक पाटी होती. पत्र्यावर रंगाने हाताने लिहिलेली. नेपाळी लिपी आपलीच, देवनागरी. गोकुळने गाडी हळू करून वाचलं: 'अगाडि पुल भत्किएको छ.' अगाडी म्हणजे पुढे. पूल म्हणजे पूल. छ म्हणजे आहे, हे त्याला तीन दिवसांत कळलं होतं. मधला तो भत्किएको शब्द काही लागला नाही. असेल त्या पुलाचं नाव, त्याला वाटलं.

"काय लिव्हलंय रं?" चिमाबाईंनी विचारलं.

"पुढं पूल हाय, मावशी."

बावीस किलोमीटर रस्ता कसा होता विचारू नये. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली नदी, आणि मध्ये गाडी जेमतेम मावेल एवढी कच्ची वाट. पावसाळ्यात जागोजाग कड खचलेली. समोरून काही आलं असतं तर दोघांपैकी एकाला आकाशात जावं लागलं असतं. समोरून काहीच येत नव्हतं, आणि हीच गोष्ट गोकुळला खटकत होती. चालू रस्ता असा मोकळा नसतो. पण वळायला जागाच नव्हती. फोनमधली बाई शांत आवाजात सांगत होती, सरळ जा, सरळ जा.

एका वळणावर त्याने कचकन ब्रेक मारला. पुढे रस्ता संपला होता. काँक्रीटचा एक तुकडा हवेत पुढे आलेला, त्यातून सळया बाहेर लोंबणाऱ्या, आणि पन्नास फूट खाली पाणी. पलीकडच्या काठावर तसाच दुसरा तुकडा. मधला पूल नव्हता. बाई म्हणाली, सरळ जा.

गोकुळने फोन उचलून डॅशबोर्डवर आदळला.

अर्धा किलोमीटर मागे एक जरा रुंद जागा त्याने पाहून ठेवली होती. तिथपर्यंत मागे घ्यायची. रखमाजी खाली उतरून हात दाखवू लागला. तीनेकशे फूट नीट आली. मग कडेची माती खचली आणि मागचं डावं चाक खाली गेलं. गाडी नदीकडे कलली. आत बायकांनी एकच कालवा केला.

"एकेक जण, उजवीकडच्या इमर्जन्सी दारातनं, हळू," गोकुळ ओरडत होता. पायाखाली ब्रेक गच्च दाबून धरलेला. सगळी उतरली. शेवटी चिमाबाई उतरायला गेल्या आणि घाईत पाय निसटला. हातावर पडल्या. काडकन आवाज गोकुळला आत बसून ऐकू आला.

वर एक वाडी होती. आवाज ऐकून माणसं धावत आली, बाया, म्हातारे, हातात दोर घेऊन. कुणी काही विचारलं नाही. त्यांनी चाकाखाली दगड रचले, दोर बांधला. खाली नदीतून वाळू भरणारा एक टिपर होता, तो वर आणला. तासभर लागला. गाडी वर आली, रुंद जागेपर्यंत गेली, आणि वळली. तोवर वाडीतल्या एका म्हाताऱ्याने चिमाबाईंच्या मनगटाला बांबूच्या कांबट्या लावून घट्ट बांधून टाकलं होतं.

तिथे एक चहाची टपरी होती. टपरीवाली दिलमाया गोकुळला हिंदीत म्हणाली, "दाइ," म्हणजे दादा, "या आठवड्यात तुम्ही पाचवे. सगळे मोबाइल बघून येतात." असं म्हणून ती हसली.

गोकुळच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाचवा? मंग काय करता तुमी? पाटी का नाही लावत?"

"लावली ना. फाट्यावर. भत्किएको छ म्हणून."

"भत्किएको म्हणजे काय?"

दिलमायाने दोन्ही हातांनी हवेत पूल दाखवला आणि मग हात खाली सोडून दिले. "टूट गया. गिर गया."

गोकुळने चहाचा पेला खाली ठेवून दिला. चिमाबाई बाकावर हात उराशी धरून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता, पण तोंड चालू होतं.

"तुला वाचता येतं ना रं गोकुळा? मंग पाटी वाचली का न्हाईस?"

"वाचली, मावशी."

"मला काय सांगितलंस?"

 त्याला शेठचा राग होता, फोनचा होता, त्या नकाशे छापणाऱ्यांचा होता. पण त्या पाटीचा राग कुणावर काढायचा? अक्षरं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचली होती. एक शब्द अडला होता आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तो विचारायला उतरला नव्हता.

टिपरवाला पोरसवदा नव्हता, गोकुळच्याच वयाचा, गप्प गडी. त्याने टपरीतलं नूडल्सचं रिकामं खोकं फाडलं, त्याची आतली कोरी बाजू वर केली आणि पेन्सिलीने रेघा मारायला लागला. बोलत कमी होता, काढत जास्त होता. इथे बांबू, दहा ते दोन. इथून पुढे दुसरं काम, चार ते सहा एकाच बाजूची वाहतूक. पोखऱ्याच्या पुढे बेनी गावापर्यंत असं. तिथून मुक्तिनाथाकडे तुझी ही गाडी नेऊ नको, तिथली छोटी जीप कर. ही दरड जुनी, ही नवी. प्रत्येक ठिकाणी त्याने आकडा टाकला, आणि खाली तारीख. तिकडच्या महिन्याची. गोकुळने शेजारी आपली तारीख लिहून घेतली. सगळं पुणं हिंडून जे मिळालं नव्हतं ते खोक्याच्या पुठ्ठ्यावर पंधरा मिनिटांत मिळालं. त्याला बरं वाटायला हवं होतं, पण उलट संताप आला. हे माहीत असलेला माणूस जगात होता. त्याला विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती, एवढंच.

चारच्या सुमाराला गाडी परत बांबूपाशी आली. बांबू वर होता. दोन वाजेपर्यंत झाडाखाली भात खात बसले असते तर एव्हाना पोखरा जवळ आलं असतं.

पोखऱ्यात चिमाबाईंच्या हाताला प्लास्टर घातलं. दवाखान्याच्या ओसरीवर बसून गोकुळने फोन उघडला. काच तडकलेली, पण चालत होता. सुनीलशेठच्या नावापुढे जिथे ती निळी रेघ होती, तिथे आता एकच ओळ होती: 'हा संदेश हटवला आहे.'

त्याने दोनदा वाचली. या वेळेस एकही शब्द अडला नाही.

मुक्तिनाथ झालं. टिपरवाल्याने सांगितल्याप्रमाणे जीप केली, आणि चिमाबाई प्लास्टरचा हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एकशे आठ धारांखालून गेल्या. कुडकुडत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता मेले तरी चालंल, पण आदी त्या शेठला गाठायचाय."

परतीच्या वाटेवर गोकुळने एक दोनशे पानी वही घेतली. जिथे चहाला थांबेल तिथे ट्रकवाले, बसवाले, जीपवाले, ज्याला गाठेल त्याला विचारायचं आणि लिहायचं. पोखऱ्यात एक छापील नकाशा त्याने विकत घेतला, तो खोक्याच्या पुठ्ठ्याशी ताडून पाहिला, आणि जिथे खोटा निघाला तिथे लाल फुल्या मारल्या. वहीच्या पहिल्या पानावर पाट्यांवरचे शब्द लिहिले. बाटो म्हणजे रस्ता. पहिरो म्हणजे दरड. बिस्तारै म्हणजे हळू. आणि सगळ्यात वर, दोन रेघा मारून, भत्किएको.

गाडी नारायणगावला पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी यात्रेकरूंच्या ग्रुपवर सुनीलशेठचा मेसेज पडला. 'चालकाने परस्पर चुकीचा रस्ता घेतल्याने झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

मंगलने तो वाचला आणि नवऱ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता भांडी आपटणार. पण गोकुळने अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि चिमाबाईंना फोन केला. "मावशी, मी वारूळवाडीला चाललोय."

"थांब," चिमाबाई म्हणाल्या. "मी येष्टीनं येते. माझ्याबिगर सुरू करू नको."

सुनीलशेठच्या ऑफिसात तीन खुर्च्या, भिंतीवर देवस्थानांचे फोटो. शेठने दोघांना पाहिलं तसा उठून उभा राहिला. "या मावशी, बसा. हात कसा हाय?"

"हात मोडलाय. तोंड शाबूत हाय."

गोकुळने फोन टेबलावर ठेवला. "शेठ, परस्पर म्हंजे काय?"

"गोकुळभाऊ, समजून घ्या. धंद्यात असं लिव्हावं लागतं. तुमच्यावर कुणी केस करतंय का? दोन दिवसांत इसरतील लोकं."

"तुमी मला सांगितलं वळवा. मी म्हणलो इचारतो. तुमी म्हणला इचारता काय. लिव्हून पाठवलं आन् मागनं पुसून टाकलं. मी चुकलो. पाटी मला वाचता आली न्हाई, ते माझ्या पदरात घाला, मी नाय म्हणत न्हाई. पण तुमचं तुमच्या पदरात घ्या."

"पुरावा हाय का?" शेठचा सूर बदलला. "काय पुसलं, काय न्हाई, कुणी बघितलंय?"

गोकुळच्या मुठी आवळल्या. तेहतीस वर्षांत त्याने कुणाच्या अंगावर हात टाकला नव्हता. आज तो टाकणार असं त्याला स्वतःलाच वाटलं. तेवढ्यात चिमाबाईंनी प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला. धप्प आवाज झाला.

"म्या ऐकलंय. त्याच्या पाठीमागंच बसले व्हते. रेड्यावानी आवाज हाय तुझा, साऱ्या गाडीनं ऐकला."

शेठ थोडा नरमला. फोन घेतला आणि बराच वेळ काहीतरी टाइप केलं. "घ्या. झालं समाधान?"

गोकुळने वाचून दाखवलं, "संवादातील त्रुटीमुळे रस्ता चुकला."

"म्हंजे कोण चुकलं रं?" चिमाबाईंनी विचारलं.

"कुणीच न्हाई, मावशी."

चिमाबाईंनी डावा हात पुढे केला. "गोकुळा, तो तुझा फोन दे. बोलायचं बटण कुठलंय? दाबून धर." आणि गोकुळने बटण धरलं तशा त्या फोनवर वाकून, शेतातून हाक मारावी तशा मोठ्याने बोलल्या. "मी चिमाबाई बोलते, आण्याची. रस्ता गोकुळनं परस्पर घेतला न्हाई. शेठनं फोनवर सांगितलं वळव, तवा त्यानं वळवला. माझ्या म्होरं झालंय. पाटी वाचायला गोकुळ चुकला, त्ये त्यानं कबूल केलंय. शेठनं अजून केलं न्हाई. ज्यांनी ज्यांनी ऐकलंय त्यांनी खरं सांगा, मुक्तिनाथाचं पाणी डोक्यावर घेतलंय समद्यांनी." त्यांनी मान हलवली, गोकुळने बोट काढलं आणि मेसेज गेला.

दहा मिनिटांत ग्रुपवर अकरा जणांनी लिहिलं, आम्हीही ऐकलं. शेठ खुर्चीत बसून ते बघत राहिला. माफी त्याने तेव्हाही मागितली नाही, पुढेही नाही. गोकुळने गाडीच्या चाव्या टेबलावर ठेवल्या आणि चिमाबाईंना स्टँडवर सोडायला निघून गेला.

मणका कुरकुरत असताना त्याने पुन्हा टोमॅटोचा ट्रक धरला. पण वही काही सुटेना. घरी असला की मोठ्या कागदावर नकाशा काढत बसे. त्याची लेक तेजस्विनी जुन्नरला कॉलेजात शिकते. तिला बसवून त्याने फोनच्या नकाशावाल्यांना तक्रार लिहायला लावली, की अमुक ठिकाणी पूल पडलाय, रस्ता दाखवू नका. उत्तर आलं, धन्यवाद, आम्ही तपासू. महिन्याने पाहिलं तर निळी रेघ तशीच. पुन्हा लिहिलं, एका यात्रेकरूने काढलेला सळयांचा फोटो जोडला. पुन्हा धन्यवाद. चौथ्यांदा उत्तर आलं, की तुम्ही सुचवलेला बदल स्वीकारता येत नाही.

"स्वीकारता येत न्हाई!" गोकुळ ओसरीवर येरझाऱ्या घालत ओरडला. "ह्यांनी स्वीकारला न्हाई म्हणून पूल उभा ऱ्हाणार हाय व्हय? त्या नदीला इचारलं का?"

"बाबा, ते मशीन असतं हो," तेजस्विनी म्हणाली.

"मंग मशीनला शिव्या कशा द्यायच्या ते सांग."

शेवटी त्याने स्वतःचाच नकाशा पूर्ण केला. मोठ्या कागदाच्या दोन बाजू, अक्षर ठसठशीत, कुठे बंद, किती वेळ, कुठल्या घड्याळाने, कुणाला विचारायचं. वर तारीख, आणि तारखेखाली लाल शाईत: 'तीन महिन्यांनी हा कागद फाडून टाकावा.' ओतूरला झेरॉक्स काढून आणली. हळूहळू यात्रेच्या गाड्यांचे ड्रायव्हर यायला लागले, जुन्नरचे, मंचरचे, घोडेगावचे. तो कुणाला नुसता कागद देत नसे. समोर बसवून सगळा पाठ करून घ्यायचा, आणि येताना काय बदललं ते लिहून आणायचं, असं वदवून घ्यायचा. जो नुसताच परत येई त्याला दारात उभं करून धुवायचा. तरी माणसं येत.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी गोरख नावाचा एक जण आला. घोडेगावकडचा, तिशीतला. अंगणात चपला काढून उभा राहिला.

"कुणाची गाडी?" गोकुळने विचारलं.

"सुनीलशेठची. त्येंला ठाव न्हाई मी आलोय ते. फोनवर बघून जा म्हणालेत. पण बावीस माणसं हायत भाऊ."

गोकुळ आत निघून गेला. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मंगल म्हणाली, "देऊ नका. भोगू दे त्याला त्याच्या कर्माची फळं."

"भोगंल कोण? त्यो? त्यो बसंल हितं खुर्चीत!" गोकुळ तिच्यावरच ओरडला. "भोगतील त्या म्हाताऱ्या!"

तो कागद घेऊन बाहेर आला आणि गोरखला समोर बसवलं. दोन तास बसवलं. गोरख एकदा चुकला तर शेठची, शेठच्या ऑफिसाची, फोनमधल्या बाईची अशी काही आई-बहीण काढली, की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. गोरखने शेवटी पाटीवरचे सगळे शब्द न अडता म्हणून दाखवले, तेव्हा गोकुळने कागद त्याच्या हातात दिला.

गोरखची गाडी निघाल्याच्या नवव्या दिवशी दुपारी, गोकुळ जेवायला बसला होता, तेव्हा गोरखचा फोन आला. तो नेपाळात बुटवल शहराच्या पुढे होता. रस्ता अडलाय, गाड्या बाजूच्या कोरड्या नदीपात्रातून सोडतायत.

"कुठल्या बाजूनं?" गोकुळने घास खाली ठेवला.

"अं? डाव्या वाटतं."

"वाटतं? वाटतं म्हंजे काय रं? नदीची डावी का तुझी डावी? किती लांब हाय? जड गाडी जाते का नुसत्या जिपा? कुणाला इचारलंस?"

"अजून कुणाला न्हाई इचारलं, भाऊ. पुढचे चाललेत तसा मी..."

"उतर!" गोकुळ गरजला. "उतर खाली आन् इचार! ट्रकवाल्याला इचार, बसवाल्याला नको. फोन ठेवू नको, हातात धरून जा!"

तिकडे दार उघडल्याचा, मग चालण्याचा आवाज आला. कुणीतरी नेपाळीत काहीतरी बोलू लागलं. गोकुळने डाव्या हाताने ताट बाजूला सारलं. मंगलने न सांगता कोनाड्यातली वही आणि लाल पेन त्याच्यापुढे ठेवलं.